ओबरक्नॉलचा खांब आणि माझे ब्याण्णव मार्क

मला बारावीला जर्मनमध्ये शंभरपैकी ब्याण्णव मार्क होते, आणि त्यामुळे बव्हेरियातल्या एका वाडीचा तीस मीटर लांबीचा खांब भरदिवसा चोरीला गेला.

संबंध सांगतो. पुण्यात अकरावीला मुलं जर्मन घेतात ती जर्मनीला जायला नव्हे, मार्क पडतात म्हणून! (संस्कृत घेणाऱ्यांचंही तेच असतं, पण ते संस्कृतीचं नाव पुढे करतात.) 'माझे कुटुंब' हा निबंध आणि 'मामाला पत्र' एवढ्या भांडवलावर मी ब्याण्णव काढले आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाकीचं सगळं स्वच्छ विसरलो. पत्र मात्र अजून येतं. प्रिय मामा, तू कसा आहेस, मी बरा आहे, इथली हवा छान आहे. मामा भोसरीला राहायचा.

पुढे आयर्लंडला आलो, कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीला एका औषध कंपनीत चिकटलो आणि तिथून वीस मिनिटांवरच्या एका छोट्या गावात आम्ही घर केलं. आम्ही म्हणजे मी, बायको मंजिरी आणि दहा वर्षांची सई, जिला मराठी सगळं कळतं आणि जी उत्तरं अस्सल कॉर्कच्या इंग्रजीत देते. गावात मराठी बोलायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे मंजिरी सापडेल त्या कमिटीत शिरते. त्यातलीच एक जुळ्या गावाची कमिटी. इकडे युरोपात दोन देशांतली दोन गावं असं नातं जोडतात आणि एकमेकांकडे पाहुणचार झोडायला जातात. आमच्या गावाचं जुळं होतं ओबरक्नॉल. घरं अकरा, माणसं चौतीस, गाई भरपूर.

कमिटीच्या अध्यक्ष नोरीनबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसता चष्मा काढला तरी गावातले बाप्ये खिशातून हात बाहेर काढतात.

"ओबरक्नॉलने आपल्याला मे महिन्याचा खांब उभारायला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "जर्मन कुणाला येतं?"

मी बिस्किट खात होतो.

"सुहासला ब्याण्णव मार्क होते!" मंजिरी म्हणाली.

"थोडंफार येतं," मी म्हणालो, आणि इथेच चुकलो. आपल्याकडे 'थोडंफार' म्हणजे काहीच नाही. आयर्लंडमध्ये माणूस 'थोडंफार' म्हणाला की तो त्या विषयातला महापंडित समजतात!

"ग्रँड!" नोरीनबाई म्हणाल्या आणि माझ्या नावापुढे त्यांनी 'दुभाषी' लिहून टाकलं.

बाकीचे बाराजण आयरिश, ते पासपोर्ट खिशात टाकून निघाले. आमचे तिघांचे भारतीय, म्हणजे व्हिसा आला! प्रवासाचं कारण काय, या रकान्यात मंजिरीने 'खांब उभारणे' असं लिहिलं. खिडकीतल्या बाईने ते दोनदा वाचलं आणि आमच्याकडे तीनदा बघितलं.

ओबरक्नॉलला पोचलो तेव्हा वाडीचे प्रमुख आलोइस आजोबा स्वागताला उभे होते. वय एकोणऐंशी, हिरवी टोपी, पांढऱ्या मिशा. त्यांनी पाच मिनिटं भाषण केलं. त्या भाषणात माझ्या पुस्तकातला एकही शब्द नव्हता! ही मंडळी जी भाषा बोलतात ती त्यांची त्यांनी चुलीपाशी तयार केलेली असावी. सगळे आयरिश माझ्याकडे बघायला लागले.

"ते म्हणतायत," मी घसा साफ केला, "इथली हवा छान आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. धो धो पाऊस पडत होता.

वाचवलं लेनीने. लेनी ही आजोबांची नात, म्युनिकला नोकरी करणारी, इंग्रजी फाडफाड बोलणारी. माझी दुभाष्याची नोकरी त्याच मिनिटाला गेली, आणि मला इतका आनंद आजवर कुठल्याच राजीनाम्याने झालेला नाही.

लेनीनेच आम्हाला खांबाची भानगड समजावली. एक मेला वाडीच्या चौकात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब उभा करायचा. तोवर तो गोठ्याशेजारच्या कोठारात, लांबलचक गाडीवर आडवा ठेवायचा आणि त्याची राखण करायची. कारण शेजारच्या गावाने तो चोरायचा, हीही प्रथाच! पोलीस त्यात पडत नाहीत. खांब वाडीच्या हद्दीच्या पाटीपलीकडे गेला की गेला. मग त्या गावाला बिअर आणि जेवण घालून तो परत आणायचा आणि वर्षभर टोमणे खायचे. मात्र राखणदाराने वेळेवर खांबाला हात लावून 'हा इथेच राहणार' एवढं म्हटलं, तर चोरांनी मुकाट परत जायचं.

आणि हा शेजारी कोण? टेकडीखालचं उंटरक्नॉल! आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतं ना, तसलंच. वरचे खालच्यांना हसतात, खालचे वरच्यांना.

"आजोबा राखण करायला लागल्यापासून आमचा खांब एकदाही गेलेला नाही," लेनी म्हणाली. "दर वर्षी एक मेच्या आधीच्या रविवारी अख्खी वाडी चर्चला जाते आणि आजोबा एकटे खांबापाशी बसतात. पण या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. आजोबांची पहिली पणती."

आजोबा नुसते पणतीकडे बघत होते, मग कोठाराकडे, मग परत पणतीकडे. मग त्यांची नजर आमच्या तिघांवर आली.

"तुम्ही चर्चला येणार का, असं विचारतायत," लेनी म्हणाली.

"नाही हो," मंजिरी म्हणाली. "आम्ही हिंदू."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! माझे दोन्ही हात हातात घेऊन ते गदागदा हलवायला लागले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो खांबाजवळ बसू शकणारा रिकामा माणूस अखेर विमानाने आला होता.

रविवारी सकाळी अख्खं ओबरक्नॉल ठेवणीतले कपडे घालून मोटारींनी निघालं. मागोमाग आमचे आयरिश. कोठारात खांब, खांबाशेजारी आजोबांची खुर्ची, खुर्चीत मी.

"जमेल ना रे?" मंजिरीने विचारलं.

"अगं, खांबाजवळ बसायचंय! खांब काय पळून जाणार आहे?"

पाऊण तास झाला असेल. एक ट्रॅक्टर आला. फुलांच्या माळा लावलेला. त्यावरून सात तरुण उतरले. कडक इस्त्रीचे शर्ट, भरतकामाची जाकिटं, टोपीत पिसं. पुढचा तांबड्या दाढीचा धिप्पाड गडी अदबीने टोपी काढून वाकला, खांबाकडे बोट केलं, मग बाहेर चौकाच्या दिशेने बोट केलं.

मी ओळखलंच! मांडववाले!

तुम्हीच सांगा, मंगल कार्यालयात खुर्च्या उचलून नेणाऱ्या माणसाला आजवर कुणी ओळखपत्र मागितलंय का? कार्यक्रम जवळ आला की अशी माणसं येतात, सामान उचलतात, नेतात. आपण फक्त "सांभाळून हं" म्हणायचं असतं.

"डॅड," सई माझी बाही ओढत म्हणाली, "आर दीज नॉट द रॉबर्स, लाइक?"

"शू! चोर असे इस्त्री करून येतात का?"

तरीही मी दोन प्रश्न विचारले असते. शपथेवर सांगतो, विचारणार होतो! पण तेवढ्यात ट्रॅक्टर खांबाची गाडी जोडून घ्यायला रिव्हर्समध्ये मागे यायला लागला.

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. गाडी रिव्हर्स घेताना दिसली की माझा हात आपोआप वर जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेला माणूस आहे मी. ओळख असो नसो, मागे जाऊन उभं राहायचं आणि "येऊ दे, येऊ दे" करायचं, हे आपल्याकडे साधं माणुसकीचं काम आहे. आयर्लंडमध्ये माझी फार उपासमार झाली. सगळ्यांच्या गाड्यांना कॅमेरे! एकदा कचऱ्याच्या ट्रकला रस्ता दाखवायला गेलो तर ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं की मला बरं वाटत नाहीये का. आणि आता माझ्यासमोर तीस मीटरचं धूड, अरुंद दार, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला देवळीएवढं चॅपेल! असा योग आयुष्यात एकदाच येतो.

"येऊ द्या!" मी खांबावर हात ठेवून गरजलो. "येऊ द्या, येऊ द्या… डावीकडे मारा… पूर्ण मारा हो, पूर्ण… हां… बास बास बास!"

त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण हाताची भाषा जगभर चालते. गाडी जोडली. मग ती बाहेर काढायला सहा वेळा पुढे, सहा वेळा मागे. शेपटाकडे मी. चॅपेलची भिंत आणि खांब यांच्यात चार बोटं राहिली होती, चार! तांबड्या दाढीने टाळ्या वाजवल्या. घामाघूम झालो, पण काय सांगू, बऱ्याच वर्षांनी जगल्यासारखं वाटलं.

एवढ्यात मंजिरी आतून धावत आली. "अरे थांबा, थांबा! शुभकार्याला निघालंय, असंच काय पाठवता?" तिच्या पर्समध्ये कुंकवाची डबी असते. तिने खांबाला कुंकू लावलं, ट्रॅक्टरला लावलं, सातही जणांच्या कपाळाला लावलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू ठेवला. सईने सगळ्याचं चित्रण केलं. निघताना तांबड्या दाढीच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ थरथरत होते. मला वाटलं, आपल्या आदरातिथ्याने भरून आलंय बिचाऱ्याला.

तासाभराने वाडी परतली. पुढच्या मोटारीतून आजोबा उतरले, कडेवर पांढऱ्या झबल्यातली पणती. मी कोठाराच्या दारात छाती काढून उभा.

"सगळं व्यवस्थित!" मी म्हणालो. "नेला त्यांनी! भिंतीला ओरखडासुद्धा नाही!"

लेनीने ते आजोबांना सांगितलंच नाही. सांगायची गरज नव्हती, कोठार आरपार दिसत होतं. नोरीनबाईंनी चष्मा काढला. आमच्यामागून कुणीतरी हळूच म्हणालं, "युअर मॅन हेल्प्ड देम?"

आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पणती लेनीकडे दिली, टोपी काढली आणि मघाशी मी बसलो होतो त्या खुर्चीत बसले. मग लेनीमार्फत एवढंच विचारलं, "खांबाला हात लावला होतास?"

"दोन्ही लावले होते," मी म्हणालो.

आणि मग मला जी लाज वाटली म्हणता! आयुष्यभर जपलेली गोष्ट त्या माणसाने एका सकाळपुरती माझ्या हातात दिली होती, आणि मी ती लाडू देऊन पाठवून दिली. रात्री मंजिरी एवढंच म्हणाली, "आपला आयरिश नागरिकत्वाचा अर्ज अजून तिकडे सरकारच्या टेबलावर असेल ना रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडणी ठरवायला उंटरक्नॉलच्या खानावळीत जायचं होतं. आजोबा आले, पण आत यायला तयार होईनात. म्हणे, या वयात त्या दारातून मान खाली घालून जाणार नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत तांबड्या दाढीचा तो गडी यजमान म्हणून बसलेला. त्याचं नाव झेप. शेजारी बाकीचे सहाजण, कालचं कुंकू अजून कपाळावर!

पण आमच्या नोरीनबाई ऐकतात होय! त्या उभ्या राहिल्या. "नियम काय म्हणतो? राखणदाराने खांबाला हात लावून 'हा इथेच राहणार' म्हणावं. कुठल्या भाषेत म्हणावं हे नियमात आहे? नाही! सुहास, तू खांबावर हात ठेवून तुझ्या भाषेत जे ओरडत होतास, त्याचा अर्थ काय?"

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अर्थ काय सांगायचा ते मला समजलं.

खिडकीतून आजोबांची हिरवी टोपी दिसत होती. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हणालो, "त्याचा अर्थ… हा इथेच राहणार."

"इट डझ नॉट!" सई उभी राहिली. "डॅड, इट मीन्स लेट इट कम! यू सेड इट फॉर्टी टाइम्स, लाइक! आय हॅव द व्हिडिओ!"

झालं! व्हिडिओ टेबलावर लागला. झेप हसता हसता खुर्चीवरून खाली गेला. सगळी खानावळ टेबलं बडवायला लागली. कुंकवाचा भाग तर त्यांनी चारदा लावला. मंजिरी माझ्याकडे बघेना, नोरीनबाई छताकडे बघत होत्या, आणि माझं नाक तिथे फरशीवर पडलेलं होतं.

"बिअर नको, जेवण नको," झेप डोळे पुसत आधी त्यांच्या भाषेत आणि मग इंग्रजीत म्हणाला. "आम्हाला हे पुन्हा बघायचंय. डोळ्यांसमोर! आमचा स्वतःचा खांब पलीकडच्या शेडमध्ये ट्रॅक्टरला जोडून ठेवलाय, रंगवायला चौकात आणायचाच आहे. हा माणूस रस्ता दाखवेल. दाखवलास तर तुमचा खांब फुकट परत!"

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? सगळं उंटरक्नॉल ग्लास हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहिलं. मी शेडच्या तोंडाशी, नजर खांबाच्या शेपटावर. रस्ता दाखवणाऱ्याने ड्रायव्हरकडे बघायचं नसतं, शेपटाकडे बघायचं असतं, हा पहिला नियम. ट्रॅक्टर सुरू झाला.

"येऊ द्या!" मी म्हणालो.

"येऊ दा!" कडेने साठ-सत्तर जर्मन ओरडले.

"उजवीकडे मारा! मारा, मारा, मारा!"

"मारा, मारा!"

खांब शेडबाहेर आला, वळला, रस्त्याला लागला. टाळ्या, शिट्ट्या, कल्ला! चौक आला. चौक गेला. ट्रॅक्टर थांबेना.

झेपने शेजारी बघितलं. त्याचा ड्रायव्हर ग्लास हातात घेऊन त्याच्याच शेजारी टाळ्या वाजवत होता!

"मग चालवतंय कोण?" झेप किंचाळला.

पुढे, फार पुढे, ट्रॅक्टरवर हिरवी टोपी दिसली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाने खानावळीतला शब्द न् शब्द ऐकला होता. किल्ली ट्रॅक्टरलाच होती. खेड्यात कोण काढतंय!

आता साठ-सत्तर माणसं ट्रॅक्टरच्या मागे सुटली. खांबाला नुसता हात लावून दोन शब्द बोलायचे होते त्यांना. हद्दीची पाटी शंभर पावलांवर. आजोबांचा वेग बैलगाडीइतका. सगळ्यात पुढे झेप, हात पुढे करून, बोटं खांबापासून वीतभर. आणि त्या क्षणी रस्त्याला वळण आलं, खांबाचं शेपूट झोकांडी खाऊन बाहेर यायला लागलं आणि माझ्यातला सोसायटीवाला जागा झाला. शेपटाबरोबर चालत आलेला मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात आडवे करून उभा राहिलो.

"थांबा! थांबा थांबा थांबा! गाडी वळतेय!"

आणि ती सगळी माणसं थांबली! शिस्तीची जात. भर रस्त्यात कुणी हात आडवा केला की जर्मन माणूस आधी थांबतो आणि मग कारण विचारतो. ते कारण विचारेपर्यंत शेपूट पाटीपलीकडे गेलं होतं.

टेकडीवरून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस ट्रॅक्टरवर उभा राहून टोपी फिरवत होता. मंजिरी रस्त्यातच उड्या मारत होती. नोरीनबाईंनी एका अनोळखी जर्मनाला मिठी मारली. झेप गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूचा आहेस?"

खरं सांगू? मी गाडीच्या बाजूचा होतो. पण सगळे म्हणतात मी मुद्दाम केलं, तर मी कशाला खोडून काढू!

संध्याकाळी हद्दीच्या पाटीपाशी खांबाला खांब देऊन हिशेब मिटला. खांब त्याच्या मालकांसमोर, त्यांच्याच टाळ्यांच्या गजरात नेणारा आजोबांसारखा दुसरा चोर त्या भागात झालेला नाही, असं झेप स्वतः कबूल करत होता. एक मेला दोन्ही खांब उभे राहिले. आजोबांनी पणतीला उंच धरून आपला खांब दाखवला आणि मला मिठी मारली. मला रडू आलं. त्यांनाही आलं. मग त्यांनी मला हाताला धरून हळूच खांबापासून दूर नेऊन उभं केलं.

परवा कमिटीच्या सभेत नोरीनबाईंनी ओबरक्नॉलचं पत्र वाचून दाखवलं. आमंत्रण होतं, पुढच्या वेळी एक मेला सगळ्यांनी या. राखणीची खुर्ची या वेळी मंजिरी आणि सईसाठी ठेवली आहे. पत्राच्या शेवटी आजोबांनी खास माझ्याबद्दल लिहिलं होतं. "सुहाससाठी चर्चमध्ये पहिल्या बाकावर मधली जागा राखून ठेवत आहोत. त्याच्या दोन्ही बाजूंना आमची धष्टपुष्ट माणसं बसतील. त्याचा धर्म कुठला याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नाही. प्रार्थना संपेपर्यंत तो बाहेर सुटता कामा नये."